स्वतःकडे बोट दाखवणारं मशीन: जॉन फॉन न्यूमनची गोष्ट

१९५६ साल. वॉशिंग्टनमधलं वॉल्टर रीड हे लष्करी हॉस्पिटल. तिथल्या एका खोलीत ५२ वर्षांचा एक पेशंट ॲडमिट होता. दाराशी पहारा, आणि सेवेला असलेली माणसंही लष्करानं पारखून घेतलेली.

कारण काय? तर पेशंटला कॅन्सर झाला होता आणि तो पसरत चालला होता. वेदनेत किंवा औषधांच्या गुंगीत हा माणूस काही बरळला, तर अमेरिकेची अण्वस्त्रांची गुपितं बाहेर फुटतील अशी सरकारला धास्ती होती.

या पेशंटचं नाव जॉन फॉन न्यूमन.

कॉम्प्युटरचा अभ्यास केलेल्यांनी हे नाव परीक्षेपुरतं तरी वाचलेलं असतं. प्रोसेसर, मेमरी, इनपुट, आउटपुट अशी जी आकृती पहिल्याच धड्यात काढायला लावतात ती याच्याच नावानं ओळखली जाते. पण आकृतीपलीकडची त्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ती गोष्ट आहे एका विचित्र प्रश्नाची. एखादं मशीन किंवा एखादा प्रोग्राम स्वतःकडे बोट कसं दाखवणार?

आज कोड लिहिणाऱ्यांना यात काही विशेष वाटणार नाही. पायथनमध्ये सेल्फ लिहिलं, जावामध्ये धिस लिहिलं की काम झालं. एखाद्या मॉड्यूलला आपलंच नाव हवं असेल तर तेही एका ओळीत मिळतं. पण ही सोय आकाशातून पडलेली नाही. त्यामागे थोडी गणिताची, थोडी तारांच्या जंजाळाची आणि बरीचशी या एका माणसाच्या डोक्याची कहाणी आहे.

२८ डिसेंबर १९०३ ला बुडापेस्टमध्ये त्याचा जन्म झाला. हंगेरियन नाव यानोश. वडील मिक्सा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, घर सधन. पोरगं लहानपणापासून आकड्यांत बुडालेलं. त्याच्या स्मरणशक्तीचे किस्से इतके आहेत की त्यातले खरे किती आणि रंगवलेले किती हे वेगळं करणं अवघड जावं. टेलिफोन डिरेक्टरीचं पान एकदा वाचून नावं, पत्ते, नंबर घडाघडा म्हणून दाखवायचा, असं सांगतात.

वडिलांना मात्र गणितानं पोट भरेल याची खात्री नव्हती. आपल्याकडच्या कुठल्याही घरात शोभेल असा तोडगा निघाला. पोरानं केमिकल इंजिनीअरिंग करायचं, गणित काय ते सोबत करायचं. जॉननं दोन्ही केलं. १९२६ मध्ये झुरिचहून इंजिनीअरिंगची पदवी आणि त्याच वर्षी बुडापेस्टहून गणितातली डॉक्टरेट. केमिकल इंजिनीअर म्हणून त्यानं पुढे काही केलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्या काळी गणितात हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाचा दरारा होता. सगळं गणित मोजक्या नियमांवर उभं करायचं आणि ते नियम कधीच एकमेकांना खोटं पाडणार नाहीत हे कायमचं सिद्ध करायचं, हे त्याचं स्वप्न. जॉन या कामातला हुकमी एक्का होता.

सप्टेंबर १९३० मध्ये कोनिग्सबर्ग शहरात एक परिषद भरली. तिथे कुर्ट गोडेल नावाच्या २४ वर्षांच्या अबोल पोरानं चर्चेच्या ओघात एक गोष्ट सांगितली. बहुतेकांच्या ती डोक्यावरून गेली. जॉनच्या गेली नाही.

गोडेलनं केलं काय होतं? गणितातल्या प्रत्येक विधानाला त्यानं एक नंबर दिला. गणित नंबरांबद्दल बोलतं, आणि आता विधानंच नंबर झाली, म्हणजे गणित स्वतःबद्दल बोलू शकतं. या वाटेनं त्यानं असं एक विधान बांधलं की जे स्वतःचाच नंबर घेऊन, हे सिद्ध करता येणार नाही असं सांगतं. ते खरंच सिद्ध करता येत नाही, आणि खोटंही पाडता येत नाही. हिल्बर्टच्या स्वप्नाला इथेच सुरुंग लागला.

जॉननं घरी जाऊन विचार केला आणि दोनेक महिन्यांत पुढचा निष्कर्ष काढला. एखादी गणिती व्यवस्था निर्दोष असेल, तर आपण निर्दोष आहोत हे तिला स्वतःला सिद्ध करता येणार नाही. त्यानं गोडेलला पत्र लिहिलं. गोडेलनं तो निष्कर्ष आधीच काढून छापायला पाठवला होता. भल्याभल्यांनी इथे श्रेयासाठी भांडण काढलं असतं. जॉननं ते काढलं नाही. उलट गणिताच्या पायाभरणीवरचं संशोधन त्यानं तिथेच थांबवलं. पण स्वतःबद्दल बोलणारी ती वस्तू डोक्यातून गेली नाही. पुढे ती वेगळ्याच रूपात बाहेर आली.

मधली वर्षं भराभर गेली. १९३० मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला पाऊल, १९३३ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीत नेमणूक. आइन्स्टाईनही तिथेच. जॉन ऑफिसमध्ये ग्रामोफोनवर मोठ्या आवाजात जर्मन मार्च वाजवायचा आणि शेजारपाजारच्या खोल्यांतले लोक वैतागायचे, आइन्स्टाईनसकट. कायम थ्री-पीस सूट, घरी जंगी पार्ट्या, आणि गाडी चालवणं इतकं वाईट की अपघात ठरलेला. पहिलं लग्न मोडलं. त्या लग्नातून मरीना ही मुलगी. १९३८ मध्ये क्लारा डान हिच्याशी दुसरं लग्न.

मग युद्ध आलं. १९४३ पासून तो लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात होता. प्लुटोनियमचा गोळा चारी बाजूंनी एकसारखा दाबण्यासाठी स्फोटकं कशी रचायची, हे गणित मोठ्या प्रमाणात त्याचं. बॉम्ब जपानच्या कोणत्या शहरावर टाकायचा हे ठरवणाऱ्या समितीवरही तो होता आणि क्योटोच्या बाजूनं होता. त्याच्या हुशारीच्या गोष्टी सांगताना हा भाग बऱ्याचदा हळूच गाळला जातो. तो गाळू नये.

या बॉम्बच्या गणितांनीच त्याला कॉम्प्युटरकडे ढकललं. इतकी आकडेमोड माणसांच्या हातून होण्यासारखी नव्हती. १९४४ च्या उन्हाळ्यात अबरडीनच्या रेल्वे स्टेशनवर हर्मन गोल्डस्टाइन हा लष्करी अधिकारी त्याला भेटला. गाडीची वाट बघता बघता गप्पा निघाल्या. फिलाडेल्फियात एनियाक नावाचं इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र तयार होतंय असं कळलं आणि जॉनचे कान टवकारले.

एनियाक म्हणजे जवळपास १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब आणि ३० टन वजन. वेग जबरदस्त, पण एक मोठी गोची. नवीन गणित सोडवायचं म्हणजे तारा उपसायच्या, दुसरीकडे खोचायच्या, स्विच फिरवायचे. यात दिवसच्या दिवस जायचे. तिथे प्रोग्राम म्हणजे तारांची जोडणी. आता तारांच्या जोडणीला स्वतःबद्दल काय कळणार?

एनियाक बनवणारे एकर्ट आणि मॉकली यावर विचार करतच होते. जॉन त्यांच्यात सामील झाला. चर्चांतून जे निघालं ते त्यानं त्याच्या खास नेमक्या भाषेत लिहून काढलं. १०१ पानांचा मसुदा. ३० जून १९४५ ही त्यावरची तारीख. गोल्डस्टाइननं त्याच्या प्रती वाटल्या आणि वर लेखक म्हणून एकच नाव होतं, फॉन न्यूमनचं. एकर्ट आणि मॉकली यांना हे शेवटपर्यंत खुपलं. शिवाय मसुदा आधीच जगभर गेल्यामुळे त्यातल्या कल्पनांवर पेटंट घेण्याची त्यांची वाटही बंद झाली. ॲलन ट्युरिंगनं १९३६ मध्ये कागदावर मांडलेलं मशीनही याच दिशेनं जाणारं होतं. म्हणजे आकृतीवर नाव एकाचं असलं तरी हात अनेकांचे आहेत.

पण त्या मसुद्यात होतं काय?

कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे एक लांबलचक चाळ समजा. प्रत्येक खोलीला नंबर. काही खोल्यांत आकडे राहतात. आता नवीन गोष्ट अशी की सूचना, म्हणजे प्रोग्राम, हासुद्धा याच चाळीत बिऱ्हाड करून राहणार. हे आण, त्यात ते मिळव, तिकडे ठेव, अशी प्रत्येक सूचनाही शेवटी आकड्यांतच लिहिलेली. गोडेलनं विधानांना नंबर दिले होते, इथे हुकुमांना नंबर मिळाले.

याचा परिणाम मोठा झाला. ४० नंबरच्या खोलीत राहणारी सूचना आता असं म्हणू शकते की ४० नंबरच्या खोलीत जे आहे ते घेऊन ये. म्हणजे प्रोग्राम स्वतःलाच उचलून बघू शकतो. स्वतःकडे बोट दाखवायचं म्हणजे काय, तर आपला खोली नंबर माहीत असणं. बस्स.

ही नुसती गंमत नव्हती, त्याशिवाय कामच चालत नसे. समजा १०० खोल्यांतल्या आकड्यांची बेरीज करायची आहे. १०० वेगवेगळ्या सूचना लिहिण्याऐवजी एकच लिहायची आणि प्रत्येक फेरीला तिच्यातला खोली नंबर एकानं वाढवायचा. म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच स्वतःला खोडून सुधारणार. जॉननं मसुद्यात यावर लगाम ठेवला होता. सूचनेतला फक्त पत्त्याचा भाग बदलायची मुभा होती, बाकी सूचनेला हात लावायचा नाही.

पुढची अडचण अशी की एकदा लिहिलेला छोटा प्रोग्राम मोठ्या प्रोग्राममध्ये पुन्हा वापरायचा असेल तर? तो १ ते ५० नंबरच्या खोल्यांसाठी लिहिलाय आणि जागा मिळाली ३०० पासून. आतले सगळे पत्ते चुकले. १९४७-४८ मध्ये जॉन आणि गोल्डस्टाइन यांनी प्रोग्रामिंगवर जे अहवाल लिहिले त्यांत यावर उपाय आहे. एक वेगळा छोटा प्रोग्राम आधी चालवायचा, त्यानं बाकीच्यांचे पत्ते नव्या जागेप्रमाणे दुरुस्त करायचे, आणि मग मुख्य काम सुरू.

केंब्रिजमध्ये डेव्हिड व्हीलरनं एडसॅक या मशीनवर यातली भारी युक्ती काढली. एखाद्या छोट्या प्रोग्रामला बोलावताना, बोलावणारी सूचना आधी स्वतःलाच उचलून हातात घ्यायची. तिच्यात तिचा स्वतःचा खोली नंबर लिहिलेला. बोलावलेला प्रोग्राम तो नंबर बघून काम संपल्यावर परत कुठे जायचं हे काढायचा. टपाल खात्यातल्या परतीच्या पत्त्यासारखं. आज हे सगळं पडद्यामागे होतं म्हणून आपल्याला दिसत नाही.

प्रिन्स्टनमध्ये जॉननं स्वतःचं मशीन उभं केलं. १९५२ मध्ये ते जाहीरपणे सादर झालं. मेमरी १०२४ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे एकूण ५ किलोबाइट. व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो त्यात मावला नसता. पण डिझाइन कुलूपबंद न ठेवता वाटलं गेलं आणि अमेरिकेपासून स्वीडन, इस्रायलपर्यंत त्याची भावंडं बनली. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चनं १९६० मध्ये चालू केलेला टिफ्रॅकही प्रोग्राम मेमरीत ठेवणाराच, याच चाळीच्या पद्धतीचा.

या सगळ्यात क्लाराचं नाव मागे पडतं. तिनं प्रोग्रामिंग स्वतःचं स्वतः शिकून घेतलं आणि १९४८ मध्ये एनियाकवर अणुस्फोटाच्या आकडेमोडीचे गुंतागुंतीचे प्रोग्राम लिहिले. प्रोग्रामर या नावाची नोकरी जगाला नीट माहीतही नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

जॉनच्या डोक्यात मात्र आता आणखी मोठं काहीतरी शिजत होतं.

खोली नंबर कळला म्हणजे स्वतःकडे बोट दाखवता आलं. पण आपण पूर्ण कसे आहोत हे मशीनला कळेल का? इतकं नीट, की ते स्वतःसारखंच दुसरं मशीन तयार करेल? सप्टेंबर १९४८ मध्ये पॅसाडीनाच्या एका परिषदेत त्यानं हा विषय काढला. समोर बसलेले लोक मेंदू आणि मानसशास्त्रावर काम करणारे.

नेहमीचा अनुभव असा की कारखाना आपल्यापेक्षा साध्या वस्तू बनवतो. बिस्किटाच्या कारखान्यातून बिस्किटं निघतात, कारखाने निघत नाहीत. पण मांजराला मांजरच होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या होतं. मग मशीनचं घोडं कुठे अडतं?

अडचण अशी. स्वतःची प्रत बनवायला मशीनकडे स्वतःचं संपूर्ण वर्णन पाहिजे. ते वर्णन मशीनच्या आतच असणार. म्हणजे वर्णनात त्या वर्णनाचंही वर्णन आलं. मग त्याचंही वर्णन. सलूनमध्ये समोरासमोर लावलेल्या आरशांत बघितल्यासारखं, शेवटच नाही.

मशीननं स्वतःलाच चाचपून बघत प्रत बनवली तर? त्यात वेगळी मेख. चालू मशीन स्वतःला तपासायला गेलं की तपासता तपासता बदलतं. म्हणून जॉननं वर्णन वेगळं, निर्जीव फितीवर ठेवलं. आणि मग त्यानं जो मार्ग काढला तो इतका साधा आहे की वाचल्यावर हे आधी कसं सुचलं नाही असं वाटतं.

फीत दोनदा वापरायची, दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी.

मशीनचे तीन भाग. पहिला भाग फितीवरचं वर्णन वाचतो आणि तशी वस्तू बांधतो. दुसरा भाग फितीची नुसती नक्कल काढतो. तिसरा भाग या दोघांना हुकूम देतो. फितीवर फक्त या तीन भागांचं वर्णन आहे, फितीचं नाही. आधी पहिला भाग फीत वाचून तीन भागांचं नवं मशीन उभं करतो. मग दुसरा भाग तीच फीत न वाचता तिची कॉपी काढतो आणि नव्या मशीनमध्ये घालतो. झालं, पोर तयार आणि पोराच्या हातात पुढच्या पोराची फीत.

सगळी चलाखी त्या दुसऱ्या वापरात आहे. सातबाऱ्याची कॉपी काढायला झेरॉक्सवाल्याला सातबारा समजावा लागत नाही. अर्थ लावायचाच नाही म्हटल्यावर आरशातला आरसा उरतच नाही.

हे झालं १९४८ मध्ये. डीएनएची रचना वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली १९५३ मध्ये. आणि पेशीत चालतं ते नेमकं असंच निघालं. डीएनएमधला मजकूर एकदा वाचला जातो, त्यातून प्रथिनं बनतात. पेशीचं विभाजन होताना तोच डीएनए, अर्थ न लावता, जसाच्या तसा उतरवला जातो. जॉननं सूक्ष्मदर्शकात न बघता, केवळ तर्कानं, असं काहीतरी असलंच पाहिजे इथपर्यंत मजल मारली होती.

प्रोग्रामर लोकांचा एक आवडता खेळ आहे. स्वतःचाच कोड छापणारा प्रोग्राम लिहायचा, फाईल उघडून चोरून न बघता. याला क्वाइन म्हणतात. तो नेमका याच युक्तीवर चालतो. मजकुराचा एक तुकडा एकदा हुकूम म्हणून वापरायचा, एकदा नुसता मजकूर म्हणून. अमेरिकेतल्या स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञानं १९३८ मध्येच सिद्ध केलं होतं की कोणत्याही प्रोग्रामला स्वतःचा पूर्ण मजकूर मिळेल अशी तजवीज करता येते. त्यानं दाखवलं की हे शक्य आहे, आणि जॉननं त्याला हातपाय दिले.

नंतर मित्र स्टॅनिस्लाव उलाम यानं सुचवलं की सुट्या भागांचं मशीन कल्पण्यापेक्षा चौकटींच्या जाळ्यावर खेळ मांड. जॉननं तसं केलं. प्रत्येक चौकट २९ पैकी एका अवस्थेत, आणि शेजारच्या चार चौकटी बघून पुढची अवस्था ठरणार. अशा पटावर स्वतःची प्रत काढणारं मशीन त्यानं रचायला घेतलं. १९५२-५३ मध्ये बरंच लिहून झालं.

आणि मग ते बाजूला पडलं. हायड्रोजन बॉम्ब, क्षेपणास्त्रांची समिती, १९५५ मध्ये अणुऊर्जा आयोगाचं सदस्यपद. सरकारला तो हवा होता आणि त्यालाही सत्तेच्या जवळ असणं आवडत होतं. हस्तलिखित फायलीत राहिलं. नंतर सवडीनं पूर्ण करू, असा हिशेब असणार.

१९५५ च्या उन्हाळ्यात खांदा दुखायला लागला. ऑगस्टमध्ये निदान झालं, कॅन्सर. काही महिन्यांत व्हीलचेअर आली. १९५६ च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या हस्ते पदक घ्यायला तो त्याच खुर्चीतून गेला. येल विद्यापीठात कॉम्प्युटर आणि मेंदू यांवर व्याख्यानं द्यायची होती. ती तो लिहीत राहिला, हॉस्पिटलमध्येही कागद सोबत नेले. व्याख्यानं झाली नाहीत आणि लिखाणही अर्धंच राहिलं.

भाऊ मायकल उशाशी बसून गटेचं फाउस्ट जर्मनमध्ये वाचून दाखवायचा. पान उलटेपर्यंत पुढच्या ओळी जॉनच्या तोंडून यायच्या, असं सांगतात. पाठ केलेलं शाबूत होतं, विचार करणं मात्र निसटत होतं. आणि ते निसटतंय हे त्याला कळत होतं.

एकदा त्यानं मुलीला, मरीनाला, आपली परीक्षा घ्यायला सांगितलं. साध्या बेरजा विचार, सात अधिक चार अशा. ती विचारत गेली. तो अडखळत गेला. काही मिनिटांनी तिला ते सोसेना आणि ती खोलीबाहेर निघून गेली.

८ फेब्रुवारी १९५७ ला तो गेला. वय ५३.

येलची अर्धवट व्याख्यानं क्लारानं प्रस्तावना लिहून १९५८ मध्ये पुस्तकरूपात आणली. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रात बुडून तिचाही मृत्यू झाला. स्वतःची प्रत काढणाऱ्या मशीनची फाईल आर्थर बर्क्स या त्याच्या जुन्या सहकाऱ्यानं हातात घेतली, राहिलेल्या जागा भरल्या, चुका दुरुस्त केल्या आणि १९६६ मध्ये ते पुस्तक निघालं. १९९५ मध्ये संशोधकांनी तो पट अखेर कॉम्प्युटरवर उतरवला. फक्त २९ अवस्थांच्या जागी त्यांनी ३२ घेतल्या.